रस्त्याने भांडणाऱ्या डोंगरेबाई

डोंगरेबाई रस्त्याने एकट्या चालत असल्या की भांडत असत. भांडण अगदी खरंखुरं, हातवारे करून, मध्येच थांबून, कधी कपाळावर हात मारून. समोर मात्र कोणी नसे.

मी बालाघाटला नवी होते. यजमानांची जंगल खात्यात इकडे बदली झाली आणि मला मुलींच्या सरकारी शाळेत भूगोलाची जागा मिळाली. पहिल्याच दिवशी शाळेच्या रस्त्यावर मागून आवाज आला, "जा न मंग! तुले कोणं धरून ठेवलं? पण गेला तं परत येऊ नको!" मी दचकून वळले. पांढऱ्या सुती पातळातल्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या, चाळिशीकडे झुकलेल्या एक बाई झपाझप येत होत्या. मला पाहून त्या थबकल्या, शांतपणे नमस्कार केला आणि म्हणाल्या, "नव्या भूगोलाच्या बाई ना तुम्ही? चला, शाळा इकडेच आहे." दोन पावलं पुढे गेल्यावर त्यांनी मान हलवली आणि स्वतःशीच बोलल्या, "नाही, नाही. 'परत येऊ नको' असं नाही म्हणणार ती. ती म्हणेल, 'येशीन तं पाय धुऊन येजो.'"

या बाई मराठी शिकवतात आणि कथा लिहितात, हे मला मधल्या सुट्टीत कळलं. सांगणाऱ्या शिवणाच्या बाईंनी आवाज खाली आणून सांगितलं, जसं कोणाच्या आजाराबद्दल सांगावं.

यशोदा डोंगरे हे त्यांचं पूर्ण नाव. वडील भरवेलीच्या खाणीवर मँगनीजच्या गाड्या भरत. आई तिथेच खनिज फोडायला जाई. मजुरांच्या लाइनीतल्या एका खोलीत वाढलेली ही मुलगी नागपूरला मावशीकडे राहून शिकली, मास्तरीण झाली, काही वर्षं बिरशाकडच्या जंगलातल्या शाळेत काढली आणि मग बालाघाटला आली. लग्न केलं नाही. आई लवकर गेली होती. म्हातारे वडील त्यांच्याजवळ असत. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, एक पाट, एक लाकडी पेटी, एवढंच त्यांच्या बैठकीत होतं. रविवारी सकाळी धुणं वाळत घालून झालं की त्या पाटावर बसून, पेटीवर कागद ठेवून लिहीत. दिवस मावळला की लेखणी खाली. "अंधारात लिहिलं की उगीच मोठं मोठं लिहिलं जातं," असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं शिकवणं पाहून मी आधी गोंधळलेच. निबंधाला 'माझी आई' हा विषय दिला की सगळ्या मुली एकच आई लिहीत. ती पहाटे उठे, सडा घाली, मायेचा सागर असे. बाईंनी एकदा वह्या गठ्ठ्याने परत केल्या आणि सांगितलं, "तुमची आई काल संध्याकाळी काय बोलली, तेवढंच लिहून आणा. एक ओळ आणली तरी चालेल." हट्टा गावाकडची एक मुलगी इथे काकाकडे राहून शिकत होती आणि शनिवारी गावी जाऊन येई. तिने लिहिलं, "आई म्हणाली, पोरी, तू शिकून राह्यली ते चांगलंच हाय, पण घरात मले आता कोणी वं म्हणाले नाही." 'वं' म्हणजे 'अगं'; तशी हाक मारायला घरात आता कोणी नाही, असं त्या आईचं म्हणणं. बाईंनी ती ओळ शिक्षकांच्या खोलीत आम्हाला वाचून दाखवली. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "अहो, पण किती अशुद्ध आहे हे!"

"अशुद्ध असेल तर ते आईचं आहे," डोंगरेबाई म्हणाल्या. "मुलीने मात्र शुद्ध ऐकलंय."

मोठ्या बाईंनी कप पुढे ओढला. त्या चहा पिऊ लागल्या.

मी आले त्याच्या पुढच्या दिवाळीत बाईंची एक कथा नागपूरच्या एका मासिकात छापून आली. याआधीही दोन-चार आल्या होत्या, पण या कथेला मासिकाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि गावात एकदम गडबड उडाली. वर्धा-नागपूर तिकडे दुसऱ्या राज्यात गेलं आणि हा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, तेव्हापासून इथल्या मराठी माणसांना आपण कोणाच्या खिजगणतीत नाही असं वाटत असे. त्यामुळे नागपूरने आपल्यातल्या एकीला पहिलं केलं, याचं कौतुक बक्षिसाहून मोठं झालं. शाळेत पेढे वाटले. वाचनालयात सत्कार झाला. एका वकिलांनी भाषणात सांगितलं की ही कथा वाचताना त्यांच्या पत्नीने पदर ओला केला.

कथा खाणीवरच्या एका बाईची होती. नवरा दुसरीला घेऊन भिलाईला पळून जातो. ही एकटी टोपल्या वाहते, दिवस काढते. बऱ्याच वर्षांनी तो छातीच्या दुखण्याने खंगून परत येतो. ती त्याला घरात घेते, आणि शेवटी त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडते, म्हणते, "तुम्ही आले, हेच लय झालं." तो शेवट सगळ्यांना फार आवडला. मलाही आवडला होता.

वडिलांनी काय म्हटलं, ते बाई हसत हसत सांगत. त्यांना अक्षर येत नसे. त्यांनी मासिक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "एवढं सारं तू बोलली? घरात तं बोलत नाही."

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. मधली सुट्टी होती. आम्ही पाच-सहाजणी व्हरांड्यात उन्हाला बसलो होतो. फाटकातून एक बाई आली. पन्नाशीच्या पुढची, काळीसावळी, काटक, नऊवारी गुडघ्याशी आवळलेली, पायांत काही नाही. डोंगरेबाई तिला पाहताच उठल्या, चेहरा फुलला. "सगुणामावशी! तू इकडं कशी? बस न वं."

"बसाले नाही आली," ती म्हणाली. "यशू, तू मले काहून रडवलं?"

बाईंना कळलं नाही. आम्हालाही नाही.

"भाचीनं वाचून दाखवलं पुस्तक. मीच हावो न ते? नाव बदललं तं काय झालं. खोली माही, टोपली माही, भिलाईले गेलेला माणूस माहा. सारं बरोबर लिवलं तुनं. अन् शेवटी मले रडवलं. मी कधी रडली वं? तू होती का तिथं?"

"नव्हती," बाई हळूच म्हणाल्या.

"मंग सांगतो आयक." सगुणाबाईचा आवाज चढला नव्हता. तिथेच उभी राहून ती बोलत होती. "आला तो. मी छपरीत खाट टाकून देल्ली. जेवू घातलं. औषध देल्लं. त्याचं सारं काढलं, हगणं-मुतणं सारं. पण बोलली नाही. एक शब्द बोलली नाही त्याच्याशी, तो मरेपावतर. तो बोलावे, हाका मारे, मी आपली कामात. तेवढंच माह्याजवळ होतं, यशू. दुसरं काय होतं? अन् तेच तू त्याले देऊन टाकलं."

बाईंचा चेहरा उतरला होता. सगुणाबाईने पदराने तोंड पुसलं. "नळावर बाया हासतेत. म्हणतेत, पाय नं इले, म्हणे मी बोलली नाही, म्हणे रडली नाही, पुस्तकात तं डोस्कं मांडीवर घेऊन बसली. आता छापलं तेच खरं न?"

मोठ्या बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, तो शेवट किती चांगला आहे! तुझा मोठेपणाच दाखवलाय त्यात."

सगुणाबाईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "येतो," एवढं डोंगरेबाईंना म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

त्या दिवशी बाईंनी पुढचे तास घेतले, फळ्यावर व्याकरण लिहून दिलं, मुलींच्या शंका सोडवल्या. शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर चालू लागल्या. नेहमीचं भांडण नव्हतं. नदीच्या रस्त्याशी आल्यावर म्हणाल्या, "मला माहीत होतं हो, कमलबाई. ती बोलत नसे हे लाइनीत सगळ्यांना माहीत होतं. मीही ऐकलं होतं. पण लिहायला बसले आणि वाटलं, असं कोरडं कसं संपवू? लोक काय म्हणतील, किती दुष्ट बाई! म्हणून तिला चांगली केली." मग पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत, "चांगली करणारी मी कोण?"

अडचण अशी होती की नागपूरचा एक प्रकाशक त्यांचा पहिला संग्रह काढत होता, आणि हीच कथा त्यात सगळ्यांत आधी होती. पुस्तक छापायला लागलं होतं. पत्र पाठवून उत्तराची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. बाईंनी रजा टाकली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही चला बरोबर. मी एकटी गेले तर भांडेन." आम्ही छोट्या गाडीने गोंदियाला आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूरला गेलो. सबंध प्रवासात त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

प्रकाशक गृहस्थ भला होता. छापखान्याच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला, बोटं शाईने काळी. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, हा शेवट काढला तर कथेत काय उरतं? या शेवटासाठी तर बक्षीस मिळालं."

"मग कथाच काढा."

"कथा काढली तर पुस्तक कोण घेईल?"

"ते मला सांगता येणार नाही. पण ती बाई जिवंत आहे. रोज सकाळी नळावर जाते. माझं पुस्तक तुमच्या कपाटात बसून राहील, तिला तिथे उभं राहावं लागतं."

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "नवा शेवट आणलाय?"

"नाही. इथेच लिहिते."

यंत्राच्या खडखडाटात, एका मोडक्या स्टुलावर बसून त्यांनी शेवटचं पान पुन्हा लिहिलं. मी शेजारी बसून पाहत होते. एकदा त्या मोठ्याने "हौ!" म्हणाल्या, तेव्हा टाइप जुळवणाऱ्याने वळून पाहिलं. नव्या शेवटात ती बाई नवऱ्यासमोर ताट ठेवते, तांब्या ठेवते, आत जाते. तो हाक मारतो. पुन्हा मारतो. आतून फक्त फुंकणीचा आवाज येत राहतो. एवढंच.

प्रकाशकाने वाचलं, कागद टेबलावर ठेवला. "लोकांना आवडणार नाही," तो म्हणाला. मग आम्हाला चहा मागवला आणि कागद जुळणीला पाठवून दिला.

त्याचं म्हणणं खरं झालं. पुस्तक आलं, त्यावर एक-दोन ठिकाणी लिहून आलं, आणि दोन्हींत शेवट कोरडा, माणुसकीला पारखा झाला आहे असं म्हटलं होतं. गावातही ज्यांनी सत्कार केला होता ते जरा खट्टू झाले. वकीलसाहेब भेटले की म्हणत, "पहिलं होतं तेच बरं होतं, बाई." बाई हसून म्हणत, "बरं होतं, पण ते माझं होतं, तिचं नव्हतं."

पुस्तक हातात आलं त्या रविवारी आम्ही भरवेलीला गेलो. सगुणाबाई घरासमोर तांदूळ निवडत बसली होती. तिने बाईंकडे पाहिलं, पण सूप खाली ठेवलं नाही. बाई समोर जमिनीवर बसल्या आणि विचारल्याशिवायच वाचू लागल्या. हळूहळू आजूबाजूच्या बाया जमल्या. शेवटचं पान आलं तेव्हा सगुणाबाईचा हात तांदळात थांबला होता. बाईंनी पुस्तक मिटलं. सगुणाबाई म्हणाली, "हौ. आता मीच हावो." लगेच नळावरच्या त्या बायांकडे मान वळवून म्हणाली, "आयकलं का वं?"

चहा झाला. निघताना तिने बाईंच्या पदरात दोन मुठी निवडलेले तांदूळ घातले. त्या दिवशी परतताना डोंगरेबाई रस्त्याने पुन्हा भांडू लागल्या. मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून त्यांची रीतच झाली. नवी कथा झाली की आधी खाणीवर. मोहाच्या झाडाखाली बाया बसत, कोणी पोराला पाजत, कोणी लसूण सोलत. आणि काय एकेक चुका काढत! "सासू असं नाही म्हणत." "ते पोरगी एवढी भोळी नसन." बाई सगळंच मान्य करत असं मात्र नव्हे. कडाकडा भांडत. "हे तुझ्या घरचं नाही, हे मी बनवलंय, यात तू हात घालू नको," असं त्यांनी सगुणाबाईलाही सुनावलेलं मी ऐकलं आहे. ती म्हणे, "तुहं असन तं ठेव. माहं असन तं पुसून लिव." या झाडाखालून त्यांचा दुसरा संग्रह तयार झाला. तो पहिल्याहून किती तरी चांगला होता, आणि त्याच्यावर फारसं कोणी लिहिलं नाही.

त्या वर्षांत दुसरं एक घडत होतं. शाळेत मराठी घेणाऱ्या मुली कमी होत चालल्या. घरी आई मराठी बोले, मुलगी हिंदीत उत्तर देई. पुढे मराठीचे वर्गच बंद झाले आणि बाईंना हिंदी शिकवायला सांगितलं. त्यांनी ते मन लावून शिकवलं. जबलपूरचे एक हिंदी संपादक त्यांना भेटून म्हणाले, हिंदीत लिहा, वाचक हजारोंनी मिळतील. बाईंनी एक कथा लिहूनही पाहिली. मला म्हणाल्या, "लिहिता येतं हो. पण माझी माणसं हिंदीत पाहुण्यासारखी बसतात. पाय पोटाशी घेऊन. चहा नको म्हणतात."

खाणीवरही सुना बाहेरच्या येऊ लागल्या होत्या. एकदा बाई वाचत असताना छत्तीसगडकडची एक नवी सून मध्येच म्हणाली, "फिर क्या हुआ, बाई? हमको तो समझा नहीं." बाया तिला गप्प करू लागल्या. बाईंनी कागद बाजूला ठेवले आणि राहिलेली गोष्ट सरळ हिंदीत सांगून टाकली. ती सून तोंडावर हात धरून ऐकत होती. परतताना मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?" त्या म्हणाल्या, "वाटलं ना. पण तिला पुढे काय झालं ते हवं होतं. त्याच्यापुढे माझ्या वाईट वाटण्याचं काय घेऊन बसू?"

तिसऱ्या संग्रहाची प्रुफं चालू होती तेव्हा त्यांना कावीळ झाली. वडील त्याआधीच गेले होते. मी रोज जाऊन बसे. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात बळ नाही, तरी पाठीला उशी घेऊन प्रुफं पाहत. एका दुपारी मला म्हणाल्या, "त्या नागपूरकराने माझ्या बायांच्या तोंडी सगळीकडे 'काहून'चं 'का' करून ठेवलंय. बघा, एकही सोडू नका. माझी माणसं माझ्यामागे भलतंच बोलायला लागतील." आम्ही दोघींनी मिळून एकेक 'काहून' परत आणला. दोन आठवड्यांनी त्या गेल्या. वैनगंगेच्या काठावर शाळेच्या मुली आल्या होत्या, आणि खाणीवरच्या बाया रोजी बुडवून चालत आल्या होत्या.

पुस्तक पावसाळ्याच्या आधी आलं. एक प्रत घेऊन मी रविवारी खाणीवर गेले. बाया जमल्या. सगुणाबाई आता थकली होती, तिला धरून आणून बसवलं. मी पहिली कथा काढली आणि वाचायला सुरुवात केली. मी वर्ध्याची, पण शाळेतल्या पुस्तकी बोलण्याने माझी जीभ सपाट झालेली. 'मले', 'तुले' माझ्या तोंडून नाटकातल्यासारखं येई. दोन पानं होईतो बायांना हसू आवरेना. मलाही हसू आलं, आणि त्यासोबत रडूही.

"थांबा, बाई," सगुणाबाई म्हणाली. "तुमच्या तोंडात ते बसून नाही राह्यलं. तुम्ही आपलं मनात वाचा अन् काय झालं ते मले सांगा. मी सांगतो या बायाइले."

मी एकेक पान वाचून तिला थोडक्यात सांगू लागले, आणि ती सांगू लागली. सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा. मध्येच सुनांकडे वळून हिंदीत, पुन्हा आपल्या बोलीत. कुठे कुठे तिने स्वतःचंही घातलं. डोंगरेबाई असत्या तर त्यावरून भांडण झालं असतं. एका जागी ती थांबली, मला म्हणाली, "पुढं?"

मी पान उलटलं.